कातडे आणि काडतूस

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मुलखात कायोटी नावाचा जो प्राणी आहे, तो आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ अशा मधल्या अंगलोटाचा असून, हिवाळा सुरू झाला की त्याच्या अंगावर जी दाट, करडी लव येते तीच त्याच्या जिवावर उठते. या लवेसाठी त्याची शिकार करणाऱ्यांमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. प्राणी जागच्या जागी कोसळावा, पण त्याच्या कातड्याला भोक पडू नये, आणि पडलेच तर ते केस विंचरून पाहिल्यावाचून दिसू नये, अशी गोळी कोणती? प्रश्न वरकरणी निव्वळ कारागिराचा दिसतो, आणि त्याची उत्तरेही कारागिरांनीच ग्रेन, फूट आणि इंचांच्या परिभाषेत दिलेली आहेत. परंतु मृत्यू हे साधन आणि कातडे हे साध्य ठरल्यावर साधनाचे गुणदोष कोणत्या कसोटीवर ठरतात, हा त्या परिभाषेआड दडलेला विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि तो करण्यास उकव्यासारखी जागा दुसरी नाही, कारण बालाघाटच्या या पठारावर हाच प्रश्न कायोटीऐवजी वाघाच्या संदर्भात शंभर वर्षे विचारला गेला, आणि त्याचे जे शेवटचे उत्तर निघाले त्यात गोळीला स्थानच उरले नाही.

आधी कारागिरांचे म्हणणे नीट समजून घेणे न्याय्य होईल, कारण त्यांनी या बाबतीत पुष्कळ बुद्धी खर्च केलेली आहे. गोळी कातड्याची नासाडी दोन ठिकाणी करते, शिरताना आणि बाहेर पडताना. आणि शिरतानाचे भोक बहुधा गोळीच्या जाडीएवढेच असले तरी बाहेर पडतानाचे भोक हे गोळी, हाडांचे तुकडे आणि फाटलेले मांस यांचा एकत्र लोंढा बाहेर पडत असल्यामुळे कधी मुठीएवढे, कधी त्याहूनही मोठे होते. जड, मऊ नाकाची गोळी हरणासाठी उत्तम, पण कातड्यासाठी घातक, ती याच कारणामुळे. म्हणून शिकाऱ्यांचे दोन पंथ झाले. एक पंथ म्हणतो की शिशावर तांब्याचे संपूर्ण वेष्टन असलेली, लष्करी पद्धतीची गोळी वापरावी, म्हणजे ती न फुगता सुईसारखी आरपार जाईल आणि दोन्ही बाजूंना बारीक भोके ठेवील. दुसरा पंथ नेमका उलट सांगतो: गोळी इतकी हलकी, इतक्या पातळ कवचाची आणि इतकी वेगवान असावी की ती छातीच्या पोकळीत शिरताच तिचे चूर्ण व्हावे आणि बाहेर पडण्यास काही शिल्लकच राहू नये. रेमिंग्टन कंपनीने १९७१ साली जे .१७ चे काडतूस बाजारात आणले, ते या दुसऱ्या पंथाचे जणू प्रमाणसूत्रच होय. गोळी २५ ग्रेनची, म्हणजे १८० ग्रेनांच्या आपल्या तोळ्याच्या सातव्या हिश्श्याहूनही हलकी, आणि वेग मात्र सेकंदाला ४००० फुटांच्या घरात. २००४ साली आलेल्या .२०४ रुगरनेही हाच मार्ग थोड्या जाड गोळीने चालविला.

पहिल्या पंथाचे तर्कशास्त्र कागदावर निर्दोष आहे आणि रानात लंगडे पडते. पूर्ण वेष्टनाची गोळी सुईसारखी जाते हे खरे. परंतु सुईसारखी गेलेली गोळी फुप्फुसाच्या कडेला लागली तर प्राणी पडत नाही, तो पळतो, आणि मैलभर दूर एखाद्या ओघळीत तासाभराने मरतो. कातडे अखंड असते, पण ते कोणाच्या हाती लागत नाही. शिवाय .२२३ सारख्या काडतुसातील हलकी लष्करी गोळी अंगात शिरल्यावर नेहमी सरळ जातेच असे नाही. ती आडवी होते, वेग पुरेसा असेल तर मधोमध मोडते, आणि मग भोक लहान ठेवण्याची सगळी प्रतिज्ञा निष्फळ होते. दुसऱ्या पंथाची गोळी बरगड्यांच्या मधून, खांद्याच्या जरा मागे बसली तर तिच्याइतके चोख काम कोणतीच गोळी करीत नाही. बाहेरून भोक हरभऱ्याच्या डाळीएवढे, आणि प्राणी पाय उचलण्यापूर्वी गतप्राण. पण तीच गोळी जवळच्या अंतरावरून खांद्याच्या हाडावर आदळली, तर ती आत शिरण्यापूर्वीच फुटते आणि कातड्यावर तळहाताएवढी जखम करून ठेवते. आणि ही जखम वरवरची असल्यामुळे प्राणी पुष्कळदा मरतही नाही. सारांश, गोळीची निवड ही मुळात नेमाची, अंतराची आणि संयमाची निवड आहे. ज्या कोनातून गोळी बरगड्यांत जाणार नाही त्या कोनातून चाप न ओढणे, हाच तिचा निम्मा भाग.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या दुसऱ्या पंथाच्या शिकाऱ्याला आपण दयाळूही आहोत असे वाटत असेल, तर ते अगदीच निराधार नाही. गोळीची सर्व शक्ती देहाच्या आत खर्च झाली म्हणजे मरण त्वरित येते, आणि ती आत खर्च झाली म्हणजेच कातडेही वाचते. म्हणून कातड्याचा लोभ आणि प्राण्याचे वेदनामुक्त मरण ही दोन्ही साध्ये काही अंतरापर्यंत एकाच वाटेने चालतात. परंतु दोन वाटसरू काही कोस बरोबर चालले म्हणून त्यांचे गाव एक ठरत नाही. उन्हाळ्यात हीच कायोटी मेंढ्यांची शत्रू म्हणून मारली जाते तेव्हा तिचे कातडे कवडीमोलाचे असते. मग मारणाऱ्याला गोळीची चिकित्सा सुचत नाही, आणि हाताला येईल ते काडतूस तो नळीत भरतो. अमेरिकेच्या संघीय सरकारने तर गोळीचीही तसदी न घेता पुष्कळ वर्षे तिला विष घातले, आणि सरकारी जमिनींवरील हा विषप्रयोग थांबविण्यासाठी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना फेब्रुवारी १९७२ मध्ये खास हुकूम काढावा लागला, जो पुढे शिथिल झाला आणि अखेर रद्दही झाला. जो जीव हिवाळ्यात एका भोकाचीही दखल घेण्यासारखा मौल्यवान असतो, तोच उन्हाळ्यात विषाच्या गोळ्याचा धनी होतो, यावरून काळजी कोणाची घेतली जात होती हे उघड होते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मध्य प्रांतांचे हंगामी वनसंरक्षक म्हणून काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा गृहस्थ, ज्याने १८६२ साली पचमढीच्या पठारावर तळ ठोकून तेथे बंगला उठविला आणि ज्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्याच साली, १८७१ मध्ये, प्रसिद्ध झाला, त्याची ओळख मराठी वाचकाला बहुधा निसर्गवर्णनकार म्हणून असते. त्याने १८६३ साली शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. त्यातला त्याचा आग्रह आजच्या .१७ च्या उपासकांना चकित करणारा, आणि तरीही त्यांच्या कुळातलाच आहे. मध्य हिंदुस्थानच्या दाट रानात नेम बहुधा शंभर-दीडशे यार्डांच्या आतच धरावा लागतो. तेव्हा लांब पल्ल्याची लष्करी शंक्वाकृती गोळी येथे व्यर्थ असून, नळीतले पेच अगदी सौम्य वळणाचे ठेवावेत, दारू भरपूर भरावी, आणि साधी गोल गोळीच वेगाने फेकावी, असे त्याचे प्रतिपादन. बारा बोराची अशी गोळी सव्वातीन तोळ्यांची भरते. आठ बोराची पावणेपाच तोळ्यांच्या वर. मोठ्या श्वापदांसाठी तो यापुढेही गेला आणि आत स्फोटक द्रव्य भरलेल्या पोकळ गोळ्यांचा त्याने पुरस्कार केला. फोर्सिथला कातडे नको होते असे नाही. पण ज्या माणसाला गवतातून चालून येणाऱ्या वाघाला पायी सामोरे जावे लागे, त्याच्या हिशेबात कातड्यावरील भोक हा शेवटचा रकाना होता. आधी स्वतःचा जीव, मग वाघाचे मरण, मग कातडे. ही क्रमवारी मला प्रामाणिक वाटते.

फोर्सिथ स्फोटक गोळीची भलावण करीत होता त्याच दशकात, १८६८ साली, सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपातील राष्ट्रांनी जाहीरनामा काढून ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक गोळी युद्धात वर्ज्य ठरविली. या उपक्रमाला निमित्त झाले ते रशियाच्या सैन्यात तयार झालेल्या गोळीचे, जी आधी दारूगोळ्याचे गाडे उडविण्यासाठी होती आणि पुढे मऊ देहावर आदळूनही फुटेल अशी सुधारण्यात आली. तीस वर्षांनी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने .३०३ च्या गोळीचे नाक उघडे ठेवले, कारण १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत पूर्ण वेष्टनाची गोळी लागूनही शत्रू धावतच येतो अशी सैन्याची तक्रार होती. आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेने अशा फुगणाऱ्या गोळ्याही निषिद्ध केल्या. त्या परिषदेत ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन अर्डा यांनी, सुधारलेला सैनिक जखमी झाला की थांबतो पण ‘रानटी’ माणूस थांबत नाही, अशा आशयाचा युक्तिवाद करून दमदमच्या गोळीची पाठराखण केली होती, हे आपण हिंदी लोकांनी विसरता कामा नये. ज्याचा देह माणसाचा मानायचा नाही त्याच्यासाठी शिकारीचा नियम लावायचा, एवढाच त्या युक्तिवादाचा निष्कर्ष निघतो.

मला या इतिहासातून दुसरेच काही दाखवायचे आहे. रणांगणावर मऊ नाकाची गोळी क्रूर ठरली, कारण तेथे हेतू शत्रूला निकामी करण्याचा असतो आणि त्याहून अधिक यातना निरर्थक असतात. हरणाच्या शिकारीत अमेरिकेतील कित्येक राज्ये हीच फुगणारी गोळी सक्तीची करतात आणि पूर्ण वेष्टनाची गोळी मना करतात, कारण तेथे हेतू त्वरित मारण्याचा असतो आणि न फुगणारी गोळी जनावराला कुजवत मारते. कातड्याच्या बाजारात पुन्हा हिशेब तिसराच. म्हणजे शिसे तेच, तांबे तेच, आणि निवाडे तीन. गोळीला स्वतःची अशी नीती नाही. ती ज्या साध्याच्या चाकरीत असते त्याची नीती तिला येऊन चिकटते. म्हणून ‘सर्वांत सभ्य गोळी कोणती’ या प्रश्नावर शिकाऱ्यांची जी वर्षानुवर्षे वादावादी चालते ती संपत नाही, आणि संपणारही नाही, कारण वाद गोळीविषयी आहे असे समजून ते हेतूविषयी भांडत असतात.

उकव्याचा परिसर या बाबतीत फार बोलका आहे. नागपूरकर भोसल्यांचा मुलूख खालसा झाल्यावर भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला. त्याच्या पठारावरचा बैहरचा टापू गोंड-बैगांचा, सालाच्या आणि बांबूच्या रानांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे मँगनीजच्या खाणी निघाल्या, १९०९ साली भूगर्भ खात्याच्या फर्मरने हिंदुस्थानातील मँगनीजवर जो बृहद्‌ग्रंथ लिहिला त्यात या जिल्ह्याच्या नोंदी आल्या, आणि आज उकव्याची खाण ज्या ‘मॉयल’ कंपनीच्या मालकीची आहे तिचे मुख्य दफ्तर नागपुरात असल्यामुळे मराठी बाबू, मुकादम आणि फोरमन यांची येथे ये-जा आहे. खनिज पोलादाच्या कारखान्यांकडे जाई, आणि मँगनीजवाचून पोलाद साधत नसल्यामुळे या पठाराची माती दूरदेशीच्या बंदुकींच्या नळ्यांतही थोडीफार गेली असेल, असे म्हणण्यास हरकत नाही. रानातून उलट दिशेने जात ती कातडी. साहेब, संस्थानिक आणि त्यांचे पाहुणे येत. हाका होई, मचाण बांधले जाई, गाऱ्यावर, म्हणजे वाघाने मारलेल्या जनावरापाशी, रात्र काढली जाई. कान्हा परिसराचा काही भाग १९३३ साली अभयारण्य झाला, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आणि या दोन सालांच्या मधल्या १९४७ ते १९५१ या काळात विजयनगरमच्या महाराजकुमारांनी खास परवानगीने कान्हा आणि त्याच्या आसपास ३० वाघ मारले. अभयारण्य, परवानगी आणि तीस कातडी ही एकाच दफ्तरात गुण्यागोविंदाने नांदू शकली, हे आमच्या कारभाराचे वैशिष्ट्य.

असे एक कातडे याच भागातील एका जुन्या घरात मी जवळून पाहिले आहे. घरधन्याजवळ मालकीचा दाखला होता, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जाहीर करून घेतलेला, आणि तो त्याने कातड्याआधी दाखविला. वरच्या बाजूने पट्ट्यांमध्ये काहीच दिसत नव्हते. त्याने कातडे उलटे केले तेव्हा मात्र सगळी हकीकत उघड झाली: डाव्या खांद्यामागे सुपारीएवढे, कडा आत वळलेले एक भोक, आणि उजवीकडे बरगड्यांपाशी वीतभर लांबीची शिवण, काळ्या मेणदोऱ्याची, टाके जवळजवळ, आणि त्यावर चामड्याचे ठिगळ. “भाऊ, ही निघालेली गोळी,” तो शिवणीवर बोट ठेवून म्हणाला, “आमच्या आजोबांना फार लागून राहिलं होतं याचं.” आजोबांना काय लागून राहिले होते ते सांगण्याची गरज नव्हती. कातडे काढल्यावर ते खुंट्यांवर ताणून सावलीत वाळवावे, उन्हात नाही. मीठ आणि तुरटी चोळावी, नाही तर उकाड्यात दुसऱ्याच दिवशी केस सुटू लागतात. चरबी गावकरी संधिवातासाठी मागून नेतात, मिशांचे केस हाकेकऱ्यांच्या हातून कधी नाहीसे होतात ते कळत नाही. हे सगळे त्याला घरातल्या ऐकीव माहितीवरून पाठ होते. वाघ कसा मेला, चटकन की रात्रभर कण्हत, याविषयी त्या घरात एकही गोष्ट शिल्लक नव्हती. कातड्याने आपला इतिहास जपला होता, पण तो फक्त कातड्याचा.

कोणी म्हणेल की कातड्याला किंमत आहे म्हणूनच मारणारा जपून मारतो, हंगाम पाळतो, पिलांना सोडतो, आणि किंमत काढून घेतली तर प्राणी निव्वळ उपद्रव ठरून सरसकट मारला जाईल. कायोटीच्या बाबतीत या युक्तिवादात तथ्य आहे हे मी नाकारीत नाही. आणि तिची तर गंमत अशी की गोळी, सापळा आणि विष या सगळ्यांना पुरून उरून ती पूर्वी जेथे नव्हती त्या पूर्वेकडील राज्यांतही जाऊन वसली. कातड्याचा भाव उतरला तरी तिचे काही बिघडत नाही. अंगरख्यांच्या टोपीला तिच्या लवेची किनार लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ साली ही लव वापरणे थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा चिंता पडली ती शिकाऱ्यांना, कायोटीला नव्हे. परंतु जो प्राणी विपुल आहे आणि ज्याचे कातडे शे-दोनशे डॉलरच्याही आत विकते, त्याच्यासाठी खरा असलेला नियम वाघाला लावणे म्हणजे ज्वारीचा भाव हिऱ्याला लावण्यासारखे आहे. वाघाच्या कातड्याची किंमत वाढत गेली तसतसा जपून मारण्याचा अर्थच पालटला. आता जपायचे ते केवळ कातडे, आणि कातड्याला सर्वांत मोठा अपाय कोण करतो, तर गोळी. शिवाय गोळीचा आवाज होतो, काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो, परवान्याचे दफ्तर असते.

म्हणून चोरट्या व्यापाराने हळूहळू बंदूक टाकून दिली. पाणवठ्याच्या वाटेवर पालापाचोळ्याखाली लोखंडी खटका पुरायचा, पंजा अडकलेल्या वाघाला काठ्यांनी आणि तोंडात खुपसलेल्या भाल्याने संपवायचे, कातड्यावर ओरखडाही येऊ द्यायचा नाही. किंवा मारलेल्या गुरावर विष टाकायचे. किंवा, अलीकडे बालाघाटच्या रानांत वारंवार उघडकीस येते तसे, अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकून बारीक तार रानवाटेने खुंट्यांवर नेऊन ठेवायची. ही तार बहुतेक वेळा रानडुकरासाठी किंवा चितळासाठी लावलेली असते, वाघ तिच्यात चुकून सापडतो, आणि मग भ्यालेले गावकरी त्याला पुरून टाकतात किंवा पंजे-सुळे काढून घेतात; पण हेतू कोणताही असो, भोक मात्र पडत नाही. अमेरिकेतला शिकारी ज्या आदर्शाच्या मागे .१७ च्या गोळीने धावत होता, तो आदर्श येथे पूर्णत्वास गेला आहे, आणि त्यात मरण सर्वांत दीर्घ व सर्वांत निर्दय ते खटक्याचे आहे. गोळीतून जेवढी दया शक्य होती तेवढीही कातड्याच्या अक्षततेच्या आग्रहाने काढून घेतली. फोर्सिथचा सव्वातीन तोळ्यांचा गोळा या दृष्टीने पाहता अधिक माणुसकीचा होता, असे म्हणावे लागते, आणि हे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

यातून कायद्याची दिशा ठरते. १९७२ च्या सप्टेंबरात झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गोळी कोणती असावी याची चिकित्सा मुळीच केली नाही. ३९ व्या कलमान्वये अवैध शिकारीतले जनावर, त्याचे कातडे, नखे, आणि शिकारीत वापरलेले हत्यार, खटका, वाहन हे सगळे सरकारी मालमत्ता ठरते, म्हणजे भोक असो वा नसो, कातड्याचे मूल्यच मारणाऱ्याच्या हिशेबातून काढून घेतले जाते. रोग साध्यात आहे हे ओळखून साध्यावरच घाव घालणारा हा कायदा आहे, आणि पुढल्याच वर्षी, १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पात कान्ह्याचा पहिल्या नऊ क्षेत्रांत समावेश झाल्यामुळे तो या पठारावर निव्वळ कागदावर राहिला नाही. पण त्याच्या अंमलबजावणीची नजर अजूनही बंदुकीच्या काळातली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवानाधारकाने वर्षाला किती काडतुसे घ्यावीत याची मर्यादा ठरते, दुकानदार प्रत्येक काडतूस रजिस्टरात चढवितो, निवडणूक आली की गावोगावच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. बैहरच्या आठवडे बाजारात मात्र जस्ताचा मुलामा दिलेल्या ज्या पातळ लोखंडी तारेने हल्ली रानातली पुष्कळ हत्या होते, ती किलोच्या भावाने, पावतीवाचून, कुंपणाच्या नावावर हवी तेवढी मिळते, आणि पंचनाम्यात तिचे वजन लिहिण्यापलीकडे ती कोणाच्या दुकानातून आली हे विचारण्याची पद्धत जंगल खात्यात रुळलेली नाही. ती रुळल्याखेरीज काडतुसांची मोजदाद कितीही काटेकोर झाली तरी वाघाच्या हिशेबात तिचा उपयोग नाही.